डेमियनचं इंजिन

टाकी काठोकाठ भरलेली, रस्ता चढणीचा, आणि ऊन असं की बोनेटवर हात टेकवला तर कातडी तिथेच राहावी. नेमक्या अशा वेळी फ्लोरियन फाइस्टच्या बापाच्या काळातल्या ट्रकने जीव सोडला. आधी आतून कुणीतरी हातोडीने ठोकत असल्यासारखा आवाज आला, मग एक दणका, आणि मग काळ्या तेलाची धार मुरमाच्या रस्त्यावर. फ्लोरियनने उतरून खाली वाकून पाहिलं. इंजिनाच्या कुशीला मूठ जाईल एवढं भगदाड पडलं होतं आणि त्यातून तुटका दांडा बाहेर आला होता. दुरुस्त करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

तो पायरीवर बसून राहिला. मागे टाकीत पाणी डुचमळत होतं, आणि पुढे कुरणात गाई जिभा बाहेर काढून वाट बघत होत्या.

त्या उन्हाळ्यात कुरणातल्या तळ्यावर हिरवी साय धरली होती. ते पाणी प्यायलेली दोन वासरं काठावरच पाय ताणून पडली, तेव्हा तळ्याला काटेरी तार मारली आणि घरच्या विहिरीचं पाणी ट्रकने वाहून न्यायला सुरुवात झाली. कुरण लांब. आमच्या डकोटात लांब म्हणतात ते खरंच लांब असतं. आणि त्या गाई म्हणजे नुसत्या गाई नव्हत्या. फ्लोरियनच्या मुलाने, डेमियनने, एकेक कालवड पारखून ठेवून तो कळप उभा केला होता. डेमियनला जाऊन तीन हिवाळे झाले. त्याच्या हातचं जितंजागतं असं आता एवढंच होतं.

मेहुणा वेंडलिन ट्रॅक्टर घेऊन आला. साखळी लावता लावता म्हणाला, की तुझ्या बाबांनी हा ट्रक घेतला तेव्हा मी पाळण्यात होतो, आता तरी याला पेन्शन दे. फ्लोरियन हसला नाही. दोघांनी ट्रक ओढत घरी आणला, शेडमध्ये ढकलला आणि बोनेट उघडून उभे राहिले. पंचक्रोशीत कुणाचा ट्रक मागावा तर प्रत्येकाचं तळं सडलेलं, प्रत्येक जण पाणीच वाहतोय. ट्रॅक्टरला टाकी जोडून नेली तर सगळा दिवस त्या एका खेपेत जाणार आणि गवत कापायचं राहणार. दोन आठवडे असं चाललं की कळप लिलावाला न्यायचा, दुसरं काय.

वेंडलिन म्हणाला, चॅसी ठणठणीत आहे, एक्सल ठणठणीत आहे, दुसऱ्या गाडीचं इंजिन आणि गिअरबॉक्स काढून यात बसवू. आणि मग त्याच्या नेहमीच्या सवयीने जीभ सुटली.

"काळीज बदलायचं म्हटलं की आधी कुणीतरी मेलेलं पाहिजे, एवढंच."

बोलून गेल्यावर त्याचा चेहरा पडला. फ्लोरियन पाना पुसत राहिला. शेडच्या मागच्या खिडकीतून झाडांची रांग दिसत होती. वारा अडवायला आजोबांनी लावलेली ती झाडं. त्यांच्यामागे मोडकी यंत्रं ठेवायची आमच्याकडे रीत आहे, आणि त्या मोडक्या यंत्रांच्या शेवटी डेमियनची पिकअप उभी होती. किल्ली आतच होती.

मार्चमध्ये गाई व्यायच्या वेळी डेमियन कुरणाकडे निघाला होता आणि वाटेत वादळाने त्याला गाठलं. बर्फ असं आडवं आलं की स्वतःचा हात दिसेना. फ्लोरियनने घरच्या वायरलेस रेडिओवरून त्याला सांगितलं, गाडी सोडू नकोस. आमच्याकडे मूल चालायला लागल्यापासून हेच सांगतात. बाहेर पडलेला माणूस कुंपणापाशी गोठून सापडतो, गाडीत बसलेला वाचतो. डेमियनने ऐकलं. हीटरसाठी इंजिन चालू ठेवून बसला. बर्फाने मागची धुराची नळी बुजवली आणि धूर आत भरला. सापडला तेव्हा टोपी डोळ्यांवर ओढलेली, हात काखेत, डुलकी लागल्यासारखा. टाकीतलं पेट्रोल संपलं होतं. गाडीवर ओरखडासुद्धा नव्हता.

दर रविवारी प्रार्थना आटोपून आलं की ओटिलिया, फ्लोरियनची बायको, सगळ्यांची टिली, झाडांमागे जायची. आधी काठी घेऊन धुराची नळी खरवडायची, भर उन्हाळ्यातसुद्धा. मग आत बसून इंजिन चालू करायची आणि जपमाळ पुरी होईपर्यंत चालू ठेवायची. तेवढ्या वेळात फ्लोरियनला हटकून कुठलंतरी कुंपण बघायला जायचं असे. गावात लोक हळू आवाजात म्हणायचे की टिलीचं दुःख आहे, बोलू नका. फ्लोरियनही तेच म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी दोघं भंगारच्या आवारात गेले. तिथला क्लीटस एक पाय ओढत चालायचा आणि गालात सूर्यफुलाच्या बिया धरून बोलायचा. काय हवंय ते ऐकून घेतल्यावर त्याने त्यांना गाड्यांच्या ओळींमधून फिरवलं. पत्रा तापून वास मारत होता, गवतातून टोळ उडत होते. पहिलं दाखवलं ते मालवाहू व्हॅनचं डिझेल इंजिन. ताकद होती, पण एवढं लांब की रेडिएटर बाहेर टांगावा लागला असता. मग एक शहरातली ठोकलेली पिकअप. तिचं इंजिन छान होतं, पण गिअरबॉक्स आपोआप बदलणारा. वेंडलिनने मान हलवली. पाण्याची टाकी घेऊन चढ चढायचा तर पायाखाली क्लच हवा आणि भिंत ओढेल असा पहिला गिअर हवा, नाहीतर असला गिअरबॉक्स हंगामभरात जळतो.

"तू मागतोयस तशी जोडी आता मिळत नाही," क्लीटस बिया थुंकून म्हणाला. "जुनं आठ सिलिंडरचं व्ही-एट इंजिन आणि त्याच्यामागे तो पाच गिअरचा, खालच्या पहिल्या गिअरवाला. मी या भागात अशी शेवटची पाहिली ती डेमियनच्याच गाडीत. ती कुठे गेली रे?"

त्याच्या मनात काही नव्हतं, सहज विचारलं त्याने. वेंडलिन उगाच एका टायरला लाथ मारत राहिला. फ्लोरियन पुढे चालायला लागला, आणि अगदी शेवटी, रानगवतात टेकलेल्या पिवळ्या शाळेच्या बसपाशी जाऊन थांबला. व्ही-एट होतं. क्लच होता. त्याने तेल बघायची पट्टी ओढून काढली. पट्टीवर तेल नव्हतं, करड्या रंगाचं घट्ट ताक होतं. म्हणजे आत कुठेतरी तडा गेलाय आणि पाणी तेलात मिसळतंय, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. फ्लोरियनने पट्टी विजारीला पुसली आणि परत आत सारली.

"हे घेतो," तो म्हणाला.

वेंडलिनने पट्टी पाहिली होती. पुसलेली विजारही पाहिली. सगळी दुपार दोघांनी मिळून ते इंजिन उचकटलं, गंजलेले नट तापवले, बोटं सोलून घेतली आणि ते धूड ट्रेलरवर बांधलं. परतीच्या वाटेवर वेंडलिन एकदाच बोलला. म्हणाला, हे बसवण्यापेक्षा टाकी गळ्यात बांधून तू स्वतःच चालत गेलास तर लवकर पोचशील. फ्लोरियन खिडकीबाहेर बघत होता.

अंगणात ट्रेलर थांबला तेव्हा ओटिलिया पिठाचे हात घेऊन बाहेर आली. सूपमध्ये टाकायचे पिठाचे गोळे कापत होती. तिने इंजिनाभोवती एक फेरी मारली, पट्टी ओढली, नाकापाशी नेली.

"फ्लोरियन, हे ताक आहे."

"धुऊन निघेल."

"आवारात तू पट्टी बघितलीच नाहीस?"

वेंडलिनला एकाएकी आठवलं की आपल्याला हात धुवायचेत, आणि तो विहिरीकडे गेला तो लवकर फिरकलाच नाही. ओटिलियाने पट्टी जागेवर ठेवली आणि झाडांच्या रांगेकडे पाहिलं.

"तिकडची का नाही?"

"ती तुझी आहे," फ्लोरियन म्हणाला.

"माझी? सगळ्यांना तू असंच सांगतोस. माझ्याही कानावर येतं." ती ट्रेलरच्या कडेवर बसली. "गाडी माझी, दुःख माझं. आणि तुझी मात्र दर रविवारी कुंपणं मोडतात."

फ्लोरियनने टोपी काढली, परत घातली. त्याच्या मानेवर घामाचे ओघळ काळे झाले होते. मग तो तिच्याकडे न बघता बोलला. "त्या इंजिनाने त्याला मारलं, टिली. मला तो आवाज ऐकवत नाही. आणि मीच त्याला सांगितलं होतं, गाडी सोडू नकोस."

"रेडिओपाशी मी असते तर मीही तेच सांगितलं असतं. इथे कुणीही तेच सांगेल." ती हातावरचं वाळलेलं पीठ नखाने काढत होती. "बर्फाने मारलं त्याला. इंजिन तर टाकीतला शेवटचा थेंब असेपर्यंत चालू होतं. आपल्यात मेलेल्यापाशी रात्रभर बसतात की नाही? आईपाशी बसलो, तुझ्या बाबांपाशी बसलो. डेमियनपाशी कोण बसलं होतं? मी नव्हते, तू नव्हतास. ते एकटं जागं होतं त्याच्याजवळ. म्हणून मी त्याला थंड पडू देत नाही, कळलं? दुसरं काही नाही."

तीन वर्षं फ्लोरियनला वाटत होतं की ही त्या गाडीत मुलाला शोधायला जाते. त्याने मान खाली घातली.

"आणि गाई विकल्यास तर?" ती म्हणाली. "मग माझ्याकडे इंजिन राहील, आणि ते चालवून न्यायचं कुठे?"

रात्री दोघांनी सूप खाल्लं.

सकाळी तो घरच्या गाईची धार काढून आला तर अंगणात कुणी नव्हतं. झाडांमागून पान्याचा कटकट आवाज येत होता. गेला, तर ओटिलिया पिकअपचं बोनेट उतरवत होती. दोन बोल्ट काढून झाले होते, तिसरा हलत नव्हता. डेमियनच्या जुन्या शर्टाच्या बाह्या तिने कोपरापर्यंत गुंडाळल्या होत्या. फ्लोरियनने तिच्या हातातून पाना घेतला आणि तिसरा बोल्ट सैल केला.

तीन वर्षांत तो पहिल्यांदाच त्या गाडीपाशी आला होता. गिअरची दांडी काढायला दार उघडलं आणि आतला वास अंगावर आला. कपडे, तंबाखू, जुनी गवताची धूळ. सीट पार मागे सरकवलेली होती. डेमियन ताडमाड होता, सीट तशीच मागे ठेवायचा. ओटिलिया त्याच्या छातीएवढीसुद्धा नव्हती. म्हणजे इतकी वर्षं ही सीटच्या अगदी कडेवर टेकून, पायाची बोटं ताणून क्लच दाबत होती, पण सीट पुढे घेतली नव्हती तिने. फ्लोरियनने सीटला हात लावला नाही. कडेला बसून, वाकडं होऊन त्याने दांडी सोडवली.

वेंडलिन ट्रॅक्टर घेऊन आला आणि या वेळी त्याने विनोद केला नाही. ट्रॅक्टरच्या पुढच्या लोडरला साखळी बांधली. इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्रच वर उचलले, तेलाचे थेंब गाळत ते धूड हवेत झुलायला लागलं, तेव्हा ओटिलियाने पुढे होऊन इंजिनावर तळहात ठेवला आणि शेडपर्यंत त्याच्याबरोबर चालत आली. वेंडलिन ओरडत होता की खालून बाजूला हो, साखळीचा भरवसा नाही. तिने ऐकलं नाही.

पुढचे दिवस कामात गेले. एक जण ट्रॅक्टरने पाण्याची खेप करायचा, दुसरा शेडमध्ये. पिकअपचं इंजिन जुन्या ट्रकच्या नाकात बसेना, तेलाचं भांडं एक्सलला घासायला लागलं. मग मोडक्या नांगराच्या लोखंडाचे पाय करून त्यावर ते थोडं वर, थोडं मागे बसवलं. मागच्या चाकांना फिरवणारा दांडा कापून जोडावा लागला. वेल्डिंगची ठिणगी फ्लोरियनच्या मनगटावर पडून फोड आला, ओटिलियाने त्यावर लोणी लावलं आणि त्याने तोच हात परत तेलात घातला. नवराबायको शेजारी शेजारी उताणे पडून नट आवळायचे. क्वचित बोलायचे, तेही कुठला पाना हवाय एवढंच. एकदा मात्र फ्लोरियनने गिअरबॉक्सवरचा एक ओबडधोबड वेल्ड बोटाने चाचपला आणि म्हणाला, हे त्याचं काम, मी त्याला सांगितलं होतं की हात सावकाश चालव. ओटिलिया म्हणाली, तुझा तरी कधी सावकाश चालला होता? दोघंही हसले, आणि हसताना फ्लोरियनच्या डोळ्यांतून पाणी कानांत गेलं. हात तेलाचे होते, पुसता आलं नाही.

धुराची नळी राहिली होती. वेंडलिन ती खालून, पूर्वीसारखी मागे नेणार होता.

"वर," ओटिलिया म्हणाली.

वेंडलिनने फ्लोरियनकडे बघितलं, मग पडीक मळणीयंत्राची उभी नळी कापून आणली. ट्रकच्या टपाच्याही वर गेली ती.

सगळं जुळलं तेव्हा सकाळ होती. टाकी भरली. वेंडलिनने कार्ब्युरेटरपाशी वाकून काहीतरी पाहिल्यासारखं केलं आणि बाजूला झाला. ओटिलिया सरळ पलीकडच्या बाजूने चढून बसली. ड्रायव्हरची जागा रिकामी राहिली. फ्लोरियन दाराशी उभा. त्याला वाटलं, ती सरकेल. ती समोर बघत बसली होती, जपमाळही हातात नव्हती.

तो चढला. किल्ली फिरवली आणि इंजिनाने पहिल्याच झटक्याला आवाज धरला.

शनिवारी संध्याकाळी डेमियन गावातून परत येताना फाटकापासून ऐकू यायचा तोच आवाज. फ्लोरियनची मान आपोआप खिडकीकडे वळली, आता अंगणात गाडी शिरेल म्हणून. गाडी कुठली शिरणार, गाडीत तर तो स्वतःच बसला होता. त्याला फार भीती वाटली, तशी म्हाताऱ्या माणसाला वाटू नये. ओटिलियाने त्याच्या मांडीवर हात ठेवला आणि त्याने पहिला गिअर टाकला.

चढ लागला तेव्हा ट्रकने कुरकुर केली नाही. भरलेली टाकी घेऊन तो सावकाश, एका चालीने वर गेला. वाटेत गवत कापणाऱ्या शेजाऱ्याने आमच्या रिवाजाप्रमाणे नमस्कार म्हणून स्टिअरिंगवरून एक बोट उचललं, मग आवाज कानात शिरला असावा, कारण त्याने ट्रॅक्टर थांबवला आणि टोपी काढली.

कुरणाचं फाटक यायच्या आधीच पलीकडच्या टेकडीवर गाईंच्या माना वर झाल्या. ट्रॅक्टरने पाणी न्यायचे तेव्हा हॉर्न वाजवून वाजवून त्या कशाबशा, रमतगमत यायच्या. आज म्हाताऱ्या गाई धावत सुटल्या. कासा हलत होत्या, धूळ उठत होती, तान्ही वासरं मागे पडून हंबरत होती. डेमियन गेल्यावर ज्या जन्मल्या त्या कालवडी काय झालं ते न कळून जागीच उभ्या राहिल्या आणि मग त्याही निघाल्या. सगळ्या हिवाळ्यांत डेमियन पेंडीच्या कांड्यांची बादली मांडीवर घेऊन यायचा आणि दार उघडून आधी हाताने चार गाईंना चारायचा. हे इंजिन म्हणजे पेंड, एवढं त्यांना ठाऊक.

फ्लोरियनने ट्रक पाण्याच्या डोणीपाशी उभा केला. पण गाई डोणीकडे गेल्या नाहीत. तहानेने कोरड्या पडलेल्या, टाकीतल्या पाण्याचा वास येत असलेल्या त्या सगळ्या म्हाताऱ्या गाई ड्रायव्हरच्या दारापाशी अर्धगोल करून उभ्या राहिल्या आणि दाराकडे बघत राहिल्या. फ्लोरियन आत गोठल्यासारखा बसला. इंजिन चालूच होतं.

"बंद कर," ओटिलिया म्हणाली. "आणि उतर."

"माझे हात रिकामे आहेत, टिली."

"ठाऊक आहे मला."

त्याने किल्ली फिरवली. इंजिन थांबलं आणि कुरणभर नुसता गाईंचा श्वास ऐकू यायला लागला. दार उघडून तो उतरला. सगळ्यात पुढे पांढऱ्या तोंडाची एक गाय होती, डेमियनच्या पहिल्या कालवडींतली. तिने मान पुढे केली. फ्लोरियनने दोन्ही तळहात तिच्यापुढे धरले.

"तो नाही," तो म्हणाला. मग तीन वर्षांत जे त्याने धर्मगुरूला, वेंडलिनला, ओटिलियालाही कधी आपल्या तोंडाने सांगितलं नव्हतं ते त्या गाईला सांगितलं. "डेमियन मेला, बाई. मी आलोय."

गाईने त्याचे तळहात हुंगले, त्याने उलटे केल्यावर पाठीकडूनही हुंगले, त्याच्या मनगटावरचा फोड चाटला. मग ती वळून डोणीकडे गेली. ओटिलिया पलीकडून उतरून नळाच्या चावीपाशी उभी होती. त्याने जाऊन तिच्याबरोबर चावी फिरवली आणि पाणी पडायला लागलं. दोन-तीन गाई अजून उघड्या दारापाशीच होत्या, आत डोकावून बघत होत्या. फ्लोरियनने त्यांना हाकललं नाही.